काटा वर जातच नाही : औशातल्या एका गाडीच्या ॲव्हरेजचं प्रकरण

दाजींनी गाडी घेतली गेल्या दिवाळीच्या आधी. २०१९ चं मॉडेल, बीएस-४, चार मीटरच्या आतली छोटी एसयूव्ही, १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, हाताचे गिअर. मीटरवर ६१ हजार किलोमीटर. पासिंग एमएच-२५, म्हणजे धाराशिवचं. पहिला मालक बांधकामाच्या कामातला माणूस. व्यवहाराच्या वेळी मी हजर होतो. गाडी ठोकलेली नव्हती, कागद स्वच्छ होते, क्लच बरा होता. मालकानं बॉनेटवर हात ठेवून सांगितलं, "मे महिन्यात सोलापूरला एसी लावून जा, काटा वर जातच नाही."

इंजिन कधी गरम होत नाही, असं त्याला म्हणायचं होतं. ते ऐकून दाजी खूश झाले, मलाही बरं वाटलं. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. त्या वाक्याशी मी तिथंच थांबून विचार करायला हवा होता. तो केला नाही, म्हणून हे प्रकरण मुळापासून लिहून काढतो आहे. आमच्याकडं अशा गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांचे मालक महिन्याला हजार-दीड हजाराचं पेट्रोल उगाच जाळत आहेत.

दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घर औशात, शाळा अकरा किलोमीटर आत. सकाळी जायचं, दुपारनंतर यायचं, संध्याकाळी डेअरी आणि मुलीचा क्लास, आठवड्यातून एकदा लातूर. महिन्याचं रनिंग नऊशेच्या आसपास. डिसेंबरात ताईचा फोन आला : "तू एकदा येऊन बघ रे. पगार झाला की ह्यांची पहिली चक्कर पंपावर असते." मागून दाजींचा आवाज : "सांग त्याला, गाडी पेट्रोल पीत नाही, गिळते. दहासुद्धा देत नाही."

त्यांची आधीची गाडी डिझेलची, वीस द्यायची. नव्या गाडीचा कंपनीचा आकडा १७. हातात पडत होते साडेनऊ ते दहा. तोवर तीन जणांनी तीन निदानं केली होती. पंपावरच्या पोरानं सांगितलं इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळतात ते. शाळेतल्या सहकाऱ्यानं सांगितलं एअर फिल्टर. एका गॅरेजवाल्यानं इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, साफ करायचे साडेतीन हजार मागितले होते, ते अजून दिलेले नव्हते.

आधी आकडा पक्का करू

ॲव्हरेजची तक्रार आली की मी पहिल्यांदा बॉनेट उघडत नाही, वही उघडतो. "हजाराचं टाकलं आणि एवढी चालली" या हिशोबाला काही अर्थ नाही. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वरून दोन-तीनदा दाबून गळ्यापर्यंत भरायचं नाही. मीटर शून्य करायचं. टाकी पाव राहीपर्यंत रोजच्यासारखी गाडी चालवायची आणि त्याच पंपावर, त्याच नोझलवर, तसंच भरायचं. जितके लिटर बसले तितके जळले.

पहिल्या टाकीला मीटरवर ३१२ किलोमीटर झाले आणि पेट्रोल बसलं ३१.२ लिटर. बरोबर दहा. दाजींचं म्हणणं खरं निघालं.

पण मीटर तरी खरं बोलतंय का? टायर बघितले तेव्हा शंका आली. दाराच्या आतल्या पट्टीवर कंपनीचा साइज २०५/६५ आर १६ लिहिलेला, गाडीला बसवलेले २१५/७० आर १६. पहिल्या मालकानं गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मोठे घातले होते. कागदावर हिशोब केला : मूळ टायरचा व्यास ६७३ मिलिमीटर येतो, बसवलेल्याचा ७०७. म्हणजे चाक एका फेऱ्यात पाच टक्के जास्त रस्ता कापतं आणि मीटरला ते कळतच नाही, कारण ते फेरेच मोजतं. खात्रीसाठी तुळजापूर रस्त्यावर किलोमीटरचे दगड धरून वीस किलोमीटर गेलो. मीटरनं एकोणीस दाखवले.

तेव्हा दहा हे खरे साडेदहा होते. अर्धा किलोमीटर कुठं गळत नव्हता, तो नुसता मोजला जात नव्हता. पण याला दुसरी बाजू आहे आणि ती मी दाजींना त्याच दगडापाशी गाडी थांबवून सांगितली : "काटा ऐंशी दाखवतो तेव्हा तुम्ही चौऱ्याऐंशीनं जाताय." शिवाय मोठं टायर जड असतं आणि प्रत्येक गिअर लांब करून ठेवतं, म्हणजे गाडी ओढायला इंजिनाला जास्त जोर लागतो. रस्ता मोकळा असेल तर ते खपतं. थांबत-सुटत जाणाऱ्या गाडीला ते नडतं.

यापुढचे सगळे आकडे मी पाच टक्के धरून, म्हणजे खऱ्या किलोमीटरचे देतो.

इथेनॉलचा वाटा किती

पंपावरच्या पोराचं अगदीच खोटं नव्हतं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. वीस टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सात टक्क्यांच्या जवळपास कमी होते, दहा टक्के मिसळलेल्यापेक्षा साडेतीन टक्क्यांनी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकींची घट ६ ते ७ टक्के धरली आहे. दाजींची गाडी जुन्या पिढीतली, तिला ही घट सोसावीच लागणार.

तरी सतराचे सात टक्के गेले तर पावणेसोळा उरतात, साडेदहा नाही. इथेनॉलवर सगळा दोष टाकला की माणूस बाकीचं बघायचं सोडून देतो. माझं सगळं दुःख तिथं आहे. गाडीत दुरुस्त होण्यासारखं काहीतरी बिघडलेलं असतं आणि मालक "आता असंच चालणार" म्हणून गप्प बसतो.

कंपनीच्या सतरालाही मर्यादा आहेत. पुण्यात एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणं चालवतात. जवळपास वीस मिनिटं, सुमारे अकरा किलोमीटर, वेग जास्तीत जास्त ९०, एसी बंद. अंतर बघा, दाजींच्या शाळेइतकंच आहे. पण त्या अकरा किलोमीटरांत ना खड्डा असतो, ना उसाची ट्रॉली. या गाडीला या रस्त्यावर तेरा मिळाले तर मी ते रास्त मानेन, असं मी वहीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं.

एअर फिल्टर काढला. मातीनं भरलेला होता, बदलला. मात्र त्यानं ॲव्हरेज वाढेल अशी आशा धरली नाही. कार्ब्युरेटरच्या काळात फिल्टर चोंदला की हवा कमी, पेट्रोल जास्त असं व्हायचं. आता इंजिनात येणारी हवा मोजूनच पेट्रोल सोडलं जातं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ साली हे तपासलं, तेव्हा चोंदलेल्या फिल्टरनं नव्या गाड्यांची ओढ कमी झाली, ॲव्हरेज जवळपास तसंच राहिलं. फिल्टर इंजिनाच्या आयुष्यासाठी बदलायचा.

डावं पुढचं चाक

शाळेपर्यंत जाऊन आलो आणि अंगणात गाडी लावताच चारही रिमजवळ तळहात धरला. ही सवय मी आयटीआयमधल्या मुलांना पहिल्या महिन्यातच लावतो. उजवं पुढचं कोमट. मागची दोन्ही गार. डाव्या पुढच्या रिमला बोट टेकवेना.

जॅक लावून चाक उचललं. उजवं हातानं फिरवलं तर दोन-अडीच फेरे सहज फिरलं. डावं अर्ध्या फेऱ्यात थांबलं आणि घासल्याचा आवाज आला. ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर खोलला. ज्या दोन पिनांवर तो मागं-पुढं सरकतो, त्यातल्या खालच्या पिनेचं रबर फाटलेलं. आत ग्रीसचा पत्ता नाही, काळ्या मातीचा वाळलेला गिलावा. पावसाळ्यात शेतातल्या कच्च्या रस्त्यानं गाडी गेली की ही माती चाकात जाऊन बसते. ओली असते तेव्हा लोण्यासारखी, वाळली की सिमेंट. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटून राहत होता. दाजी दोन महिने ब्रेक दाबून गाडी चालवत होते.

पिन साफ केली, नवं रबर, ब्रेकचं ग्रीस, पॅडची जोडी. टायरची हवा २४-२५ होती, ३३ केली. खरं तर एका टाकीला एकच बदल करायचा नियम आहे, पण ब्रेक ही थांबायची गोष्ट नाही, म्हणून दोन्ही एकदमच केलं. पुढच्या टाकीला साडेदहाचे सव्वाअकरा झाले. वहीतला नेमका आकडा ११.३.

दाजींना तेवढ्यावरही समाधान होतं. मला नव्हतं. अजून दीड-पावणेदोन किलोमीटर कुठंतरी जात होते.

काटा वर का जात नव्हता

इथं माझी एक चूक सांगतो. मी ऑक्सिजन सेन्सरच्या मागं लागलो. तो धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून पेट्रोलचं प्रमाण ठरतं. फोनला जोडायचा छोटा स्कॅनर लावला आणि दोन दिवस त्याच सेन्सरचे आकडे बघत बसलो. सेन्सर ठणठणीत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दाजींबरोबर शाळेला निघालो. बाहेर बारा-तेरा अंश, शेतांवर धुकं. स्कॅनरच्या पडद्यावर एका कोपऱ्यात इंजिनाच्या पाण्याचं तापमान येत होतं. निघताना १४. चार किलोमीटरवर ४७. शाळेच्या फाटकाशी ६१. परत येताना, दुपारच्या उन्हात, ६८ च्या वर गेलं नाही.

निरोगी इंजिन अशा अंतरात नव्वदच्या आसपास पोचतं आणि तिथंच टिकतं. डॅशबोर्डवरचा काटा बघितला, तर खालच्या रेघेपासून जेमतेम उचललेला. मी विचारलं, "दाजी, हा काटा रोज इथंच असतो?"

"रोज. कधीच वर जात नाही. इंजिन थंड राहतंय, चांगलंच आहे की!"

तेव्हा पहिल्या मालकाचं वाक्य आठवलं. तो खोटं बोलला नव्हता. तो ज्याची तारीफ करत होता, तोच आजार होता.

इंजिन आणि त्याचं पाणी गार करणारा रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक झडपेचा वॉल असतो. आतल्या मेणाच्या गोळीला ऊब लागली की तो उघडतो, थंडी लागली की मिटतो. सकाळी इंजिन गार असतं तेव्हा तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिनातलं पाणी इंजिनातच फिरतं आणि पटकन तापतं. ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढं गेलं की तो वाट उघडतो. हा वॉल उघडाच अडकला किंवा नसलाच, तर पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमधून फिरतं, आणि समोरून वारा. इंजिन तापायचं कसं?

न तापलेल्या इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल पाजतो. गार भिंतींवर पेट्रोल चिकटतं, त्याची वाफ नीट होत नाही, म्हणून तो हात सैल सोडतो. इंजिन तापलं की तो हात आखडतो आणि मिश्रण नेमकं करतो. दाजींच्या गाडीत ती वेळ येतच नव्हती. रोजच्या बावीस किलोमीटरांत गाडी सकाळच्या पहिल्या पाच मिनिटांसारखीच चालत होती. ऑइलही घट्टच राहतं, म्हणजे आतलं घर्षणही जास्त. डिपस्टिक काढून वास घेतला तर ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. पुष्कळ गाड्यांत अशा वेळी पी०१२८ हा कोड येतो आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. या गाडीत दिवा लागला नव्हता.

रविवारी खोललं. खालचा पाइप सोडला तेव्हा जे बाहेर आलं ते कूलंट नव्हतंच. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं तयार द्रव, सहसा हिरवं किंवा गुलाबी असतं. पातेल्यात पडलं ते उकळून ठेवलेल्या चहासारखं, तांबूस. पाइपच्या तोंडाला आतून पांढरा खरखरीत थर, पाणी तापवायच्या हीटरच्या कॉइलवर चढतो तसाच. नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. मग थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं. आत वॉल नव्हता. स्प्रिंग नाही, चकती नाही, नुसती रबराची रिंग व्यवस्थित बसवलेली. कुणीतरी मुद्दाम, हातानं काढून टाकला होता.

पहिल्या मालकाला फोन केला. त्यानं सरळपणानं सांगितलं. २०२२ च्या उन्हाळ्यात गाडी दोनदा गरम झाली होती. साइटवर बोअरचं पाणी असायचं, रेडिएटर कमी झाला की तेच ओतायचे. मेकॅनिक म्हणाला, वॉल काढतो, पुन्हा त्रास होणार नाही. आणि खरंच झाला नाही.

म्हणजे साखळी अशी. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी क्षाराचं. ते रेडिएटरमध्ये गेलं, क्षार बसले, पाण्याची वाट अरुंद झाली. मेच्या उन्हात इंजिन गरम झालं. दुखणं होतं रेडिएटरचं, काढला वॉल. ताप उतरला, आणि तेव्हापासून पेट्रोल जास्त जळत राहिलं. बांधकामवाल्याच्या लांब रनिंगमध्ये ते एवढं दिसलं नाही, कारण तासभर चालल्यावर इंजिन कसंबसं तापायचं. दाजींच्या अकरा किलोमीटरांत आणि डिसेंबरच्या थंडीत ते उघडं पडलं.

वॉल काढणं हा आमच्याकडचा जुना उपाय आहे. उन्हाळ्यात दर आठवड्याला कुठल्यातरी गाडीचा वॉल निघतो. जुन्या जीपगाड्यांच्या काळात तो खपून गेला असेल. आताच्या इंजिनात तो चुकीचाच आहे, हे मी ठामपणे लिहितो. काही इंजिनांत तर वॉल नसला की बायपासची वाट उघडी राहते, अर्धं गरम पाणी रेडिएटरकडं न जाता परत इंजिनात फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

नवा वॉल बसवायचा तर रेडिएटर आधी धड हवा, नाहीतर मेमध्ये पुन्हा तेच. तीनदा फ्लश केला, तरी पाण्याची धार मोकळी येईना. ॲल्युमिनियमची बारीक जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर, जुन्या पितळीसारखा खोलून सळईनं साफ करता येत नाही. नवाच घातला. नवा थर्मोस्टॅट, नवं झाकण, तयार कूलंट, ऑइल आणि फिल्टर. ब्रेकच्या कामासकट सगळं मिळून बारा हजारांच्या आसपास. इंजेक्टरला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींचा शाळेच्या वाटेवरून फोन, गाडी बाजूला घेऊन. आवाजात काळजी : "काटा मधोमध आलाय रे. गरम होतेय का?"

"तो तिथंच असायला हवा, दाजी. जावा तुम्ही निवांत."

त्या टाकीला १२.६. सव्वाअकरावरून साडेबारा. फेब्रुवारीत सकाळचा गारठा कमी झाला होता, त्याचाही थोडा हातभार यात आहे, म्हणून सगळं श्रेय मी वॉलला देत नाही. पण सातव्या किलोमीटरला स्कॅनरवर ८९ दिसत होतं आणि ते हलत नव्हतं.

उरलं ते पायाचं

शेवटचा भाग चालवण्याचा. डिझेलच्या सवयीनं दाजी पाचव्या गिअरमध्ये चाळिसानं गाडी रेटायचे. छोट्या टर्बो पेट्रोलला इंजिन सावकाश फिरत असताना जोर नसतो, मग पेडल खालपर्यंत दाबलं जातं. आणि हंगामात त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्यांचे. दाजी ट्रॉलीच्या अगदी बुडाशी जाऊन थांबायचे, जागा दिसली की सेकंडमध्ये ताणून पुढं काढायचे, दोन मिनिटांत पुढची ट्रॉली. अशा ताणण्यात टर्बो पूर्ण दाबानं फुंकतो आणि कॉम्प्युटर इंजिन वाचवायला मिश्रण घट्ट करतो, म्हणजे पेट्रोल जास्त सोडतो. मी एवढंच सांगितलं : तीन-चार गाड्यांचं अंतर ठेवा, तिसऱ्या गिअरमध्ये राहा, शाळा कुठं पळून जात नाही. पुढच्या टाकीला १२.९.

हायवेवर एकदा औसा-तुळजापूर-सोलापूर जाऊन आले, ऐंशीच्या आसपास, एसी निम्मा वेळ. १६.४ मिळाले. येताना भाच्यानं चालवली असती तर आकडा वेगळा आला असता. ऐंशीऐवजी शंभरनं गेलं की वाऱ्याचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो.

महिन्याच्या नऊशे किलोमीटरला आधी ८६ लिटर लागायचे, आता ७०. लिटरला एकशे पाच धरले तर सोळाशे-सतराशे रुपये वाचतात. बारा हजार सात महिन्यांत फिटतील.

टायर मात्र अजून मोठेच आहेत. चारही टायरांत चांगली नक्षी शिल्लक आहे आणि दाजींना ते फेकवत नाहीत. मी मीटरच्या काचेखाली चिठ्ठी चिकटवून दिली आहे : काटा ७५ म्हणजे ७९. झिजले की मूळ साइजचे घालायचं कबूल झालं आहे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम औशाला गेलो. लातूरला ४२ च्या पुढं पारा होता. भर दुपारी एसी लावून गाडी अंगणात वीस मिनिटं चालू ठेवली. काटा मधोमध. पंखा घुमायचा, थांबायचा, पुन्हा घुमायचा. ताई ओट्यावर उभी राहून विचारत होती, हा आवाज आधी नव्हता, काही बिघडलंय का.